मनगटाएवढी लाकडं

आमच्याकडे, ध्रुवाजवळच्या या गावात, उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नावच घेत नाही, म्हणून पाहुण्यांना आमचा हेवा वाटतो. त्यांचं काय जातंय म्हणायला? ते अडीच महिने आम्ही लाकडं फोडत असतो. ओलं लाकूड शेगडीत नुसतं धुमसतं, म्हणून या उन्हाळ्यात फोडलेलं वर्षभर वाळवून पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात जाळायचं.

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांकडून आल्या दिवशीच बाबांनी कुऱ्हाडीला धार लावली आणि सगळी लाकडं मनगटाएवढी बारीक फोडली. मी वैतागले. "बाबा, काडेपेट्या भरायच्यात का? तासाभरात राख होईल यांची."

"तू फोडशील तेव्हा जाड फोड," एवढंच म्हणाले. त्यांच्या हातात जाड लाकूड उचलायला जोर उरला नाही, असं मी धरून चालले. शेजाऱ्यांनाही तेच सांगितलं.

थंडीत बाबा गेले.

आज मी अंगणात पुढच्या वर्षाची लाकडं फोडत होते. आई बाबांच्या ढिगापाशी गेली. संधिवाताने तिची बोटं वाकडी झालीत. इतकी वर्षं शेगडी बाबाच भरायचे, तिला जाड लाकूड उचलवतच नाही. आता ती एकेक लाकूड उचलून शेडमध्ये रचू लागली.

"आई, राहू दे, मी ठेवते."

"नको. ही मला उचलता येतात गं."

काल फोडलेली माझी जाड लाकडं ओढून आणली आणि एकेक पुन्हा ठोकळ्यावर उभं केलं.