पडद्यावरचा ठसा

तृप्ती पगारे मालेगावच्या यंत्रमागवाल्यांसाठी कॉम्प्युटरवर साडीच्या काठांची डिझाइनं करायची. जुन्या मॉनिटरवर काळा रंग राखाडी दिसे आणि अख्खा काठ एका नजरेत मावत नसे. महिनाभर चौकशी करून तिनं ठरवलं, काळा रंग खराखुरा काळा दाखवणारा बेचाळीस इंची ओएलईडी टीव्ही घ्यायचा आणि तोच मॉनिटर म्हणून टेबलावर ठेवायचा.

नवरा महेश सोबत होता, म्हणून कॉलेज रोडच्या दुकानातला सेल्समन सगळं त्यालाच सांगत राहिला. "सर, मॅडमना सिरीयल बघायला एकदम भारी."

"मी यावर काम करणार आहे," तृप्ती म्हणाली. "एकच चित्र फार वेळ राहिलं तर पडद्यावर ठसा उमटतो, त्याचं काय?"

"सर, आता तसं काही होत नाही."

टीव्ही हवा होता म्हणून तिनं राग गिळला आणि पैसे भरले.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला टीव्ही घरी आला. खोक्याची चिकटपट्टी आधीच फोडलेली होती. आणणारा म्हणाला, तपासायला उघडला. तृप्तीनं कॉम्प्युटर जोडला, राखाडी पार्श्वभूमीचं एक डिझाइन उघडलं, तर खालच्या बाजूला फिकट अक्षरं: 'दिवाळी धमाका'. तिचं डोकंच सणकलं. दुकानात मांडून ठेवलेला, महिनोन्‌महिने जाहिरात चालवलेला टीव्ही नवा म्हणून तिच्या गळ्यात मारला होता. सेटिंगमध्ये शोधलं तर तो तीन हजारांवर तास चाललेला निघाला.

तिनं दुकानात फोन लावला. मॅनेजर म्हणाला, "कॉम्प्युटरला जोडलात ना? मग ठसा पडणारच. वॉरंटीत बसत नाही."

"जोडून दोन तास झालेत. आणि दिवाळी धमाका मी लिहिलेलं नाही."

"मिस्टरांना द्या जरा."

महेशनं हात पुढे केला. तृप्तीनं फोन दिला नाही. "त्यांना यातलं काही कळत नाही. माझ्याशीच बोला." पलीकडून फोन ठेवला गेला.

रविवारी सकाळी टीव्ही रिक्षात घालून दोघं दुकानात गेली. गर्दी होती. तृप्तीनं तो काउंटरवर ठेवायला लावला, लॅपटॉप जोडला आणि पडदाभर राखाडी रंग लावला. चष्मा सावरत एका गिऱ्हाईकानं अक्षरं मोठ्यानं वाचली. लोक जमले.

"मॅडम, आत या ना, बदलून देतो," मॅनेजर म्हणाला.

"आत कशाला? इथंच बोलू. मला तुमच्याकडचा दुसरा नको, पैसे परत द्या."

"गोदामात चूक झाली हो."

"मग तेवढं लिहून द्या."

पैसे तासाभरात परत आले, पण लिहून द्यायला तो काही तयार होईना.

रिक्षात महेश म्हणाला, "मिळाले ना पैसे, आता सोड."

"नवा म्हणून जुना दिला, वर मलाच खोटं पाडलं. सोडू कशी?"

घरी येऊन तिनं जेवायच्या आधी ग्राहक आयोगाकडच्या तक्रारीचा मजकूर लिहायला घेतला. महेशनं बिल आणि दुकानात मोबाइलवर काढलेले पडद्याचे फोटो तिच्यापुढे ठेवले.