तोंडात कापूस असताना

समोरच्याच्या तोंडात कापूस कोंबला की दातांच्या डॉक्टरांना गप्पा सुचतात. या डॉक्टरांनी तर आयुष्यातली सगळी ठाम मतं अशाच वेळी मांडली. मतभेद कधी झाले नाहीत.

मोकळ्या तोंडाच्या माणसापुढे त्यांनी एकदाच मत मांडलं होतं. त्यात लग्न मोडलं.

तेव्हा ते तरुण होते. फिल्म क्लबात एक जुना रहस्यपट लागला होता. नवऱ्याच्या हातून खून होतो. रक्ताचे डाग पडलेला त्याचा कोट बायकोला सापडतो, ती तो कपाटात दडवते आणि पोलीस दार वाजवतात. इथे पडदा पांढरा झाला, कारण शेवटचं रीळ क्लबाला मिळालंच नव्हतं. अध्यक्षांनी प्रेक्षकांची माफी मागण्याऐवजी चर्चा ठेवली: बायकोने काय करावं?

डॉक्टर उठले. "सांगून टाकावं. सत्यापुढे कसलं नातं?"

शेजारी त्यांची होणारी बायको बसली होती. शाळेत चित्रकला शिकवायची. तिने हळूच विचारलं, "आणि कोट माझा असता तर?"

"तरीही," डॉक्टर म्हणाले. ताबडतोब.

टाळ्या पडल्या. तिने काही वाजवल्या नाहीत. पुढे अंगठी परत आली, आणि ती लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. डॉक्टर तसेच राहिले. "वेळच मिळाला नाही," असं ते सांगत. दवाखान्याचं बाहेरचं टेबल त्यांची थोरली बहीण, ताई, सांभाळायची. ती म्हणायची, "वेळ होता, तोंड नव्हतं."

परवा कधीतरी त्यांना कॉम्प्युटरवर अख्खा सिनेमा सापडला. बायको दार उघडते, तर कोट तिनेच घातलेला! मग आतून नवरा येतो, तिच्या अंगावरून तो काढून घेतो आणि मुकाट्याने पोलिसांबरोबर जातो. डॉक्टरांनी हा शेवट पुन्हा पुन्हा बघितला. सांगायचं होतं फक्त एकाच माणसाला.

आणि आज ते माणूस गाल धरून दारात उभं होतं. ती आईला भेटायला गावी आली होती, दाढेचा तुकडा पडला.

"अगंबाई, तू! ये, ये," ताई म्हणाली, आणि आत येऊन भावाच्या कानाशी लागली, "एका बैठकीत संपवू नकोस. गुरुवारी परत बोलाव. कळलं का रे, शहाण्या?"

डॉक्टरांनी दिवा खाली ओढला. तिच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. कपाळाला आठी घालायची रीत तीच. त्यांनी कापूस ठेवला, दाढ भरायला घेतली आणि बोलायला सुरुवात केली.

"त्या सिनेमाचा शेवट बघितला मी."

"अं."

"बायको कोट स्वतःच घालते. तेव्हा मला सुचायला हवं होतं. कोट तुझा असता, तर मी घातला असता. एवढंच सांगायचं राहिलं होतं."

"अं-अं."

दाढ भरून झाली. कापूस मात्र त्यांनी उगाच आणखी थोडा वेळ राहू दिला. मग काढला. तिने चूळ भरली.

"तुला तो दंडात अडकला असता," ती म्हणाली. "आणि शेवट मी केव्हाच बघितलाय. मला सिनेमातलं उत्तर नकोच होतं रे. तू दिलंस तेही बरोबरच असेल. पण देताना जरा अडखळायचं तरी!"

डॉक्टर हातातला आरसा पुसत राहिले.

तिने पर्स उचलली. "परत यावं लागेल का?"

दाढ पक्की झाली होती. ती आता वर्षानुवर्षं हलणार नव्हती. बाहेर ताईची खुर्ची करकरली. डॉक्टरांनी तोंड उघडलं, मिटलं. आरसा ठेवला, परत उचलला. नळ ठिबकत होता, तो घट्ट बंद केला.

"डॉक्टर?"

"नाही," ते शेवटी म्हणाले. "काम झालंय."

तिने पर्स खांद्याला लावली.

"बघ," ती अगदी हळू म्हणाली, "जमतं तुला."

आणि गेली.

ताई लगबगीने आत आली. "काय रे, गुरुवारी ना?" डॉक्टर रिकाम्या खुर्चीवरचा दिवा तसाच ठेवून उभे होते. ताईने त्यांचं तोंड बघितलं, पुढचा टोमणा गिळला, आणि बाहेर बसलेल्या पेशंटला जाऊन सांगितलं, "जरा वेळ लागेल हं."