गॅलरीसमोरच्या चार काठ्या

सिस्टरच्या नाकावर राग पहिल्यापासूनच असायचा. पण दिराच्या घराला मागच्या अंगाने गॅलरी फुटली, तेव्हापासून तो नाकावर मावेना.

तिची सगळी नोकरी इस्पितळाच्या वॉर्डात गेली. निवृत्त झाली तरी गल्लीतली माणसं तिला सिस्टरच म्हणत, आणि नवऱ्याला पीटी सर. सरांनी शाळेत दुसरं काही शिकवलं नाही, फक्त ताठ उभं राहायला शिकवलं. अजूनही रस्त्यात एखादा टक्कल पडलेला माजी विद्यार्थी भेटला तर सरांना बघून पोट आत घ्यायचा. सरांचा धाकटा भाऊ पाण्याचे पंप विकायचा आणि दुरुस्त करायचा, म्हणून त्याला सगळे पंपवाला म्हणत. दोघा भावांची घरं पाठीला पाठ लावून उभी. मध्ये सरांचं परसू आणि तारेचं कुंपण.

पंपवाल्याने वरचा मजला चढवला आणि गॅलरी काढली ती नेमकी सरांच्या परसावर. सरांनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा कुंपणापाशी असं भांडण झालं, की लहानपणी कुणी कुणाची सायकल मोडली इथपर्यंत सगळं बाहेर आलं. "तुझं तोंडसुद्धा बघायचं नाही मला," असं म्हणून सर आत आले. आणि त्याच आठवड्यात बाथरूममध्ये कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब जुनाच होता. सिस्टरने मान डोलावली. पण तिचं निदान ठरलेलं होतं. गॅलरी.

पंपवाला इस्पितळात आला तेव्हा तिने त्याला वॉर्डाच्या दारातच अडवलं.

"कशाला आलात भाऊजी? गॅलरीतून नीट दिसत नाही का?"

तो काहीतरी बोलायला गेला, पण त्याचं तोंड उघडायच्या आत दार बंद झालं होतं. घरी आणल्यावर तो पुन्हा आला. तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा तो आला नाही.

दाराने नाही आला, पण वरून यायचा! सिस्टर रोज सकाळी सरांना चाकाच्या खुर्चीतून परसात उन्हाला बसवायची. ब्रेक लावायची आणि "हलायचं नाही हं, मी आलेच," असं दटावून आत चादरी बदलायला, मशीन लावायला जायची. आणि वर गॅलरीत हा बनियनवर उभा! हातात चहाचा कप, नुसता बघतोय. ज्या माणसाला बघून अख्खी शाळा सावधानमध्ये यायची, त्याच्या हनुवटीवरून लाळ ओघळते, ते बघतोय. सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिने दोरीवर चादर बांधून पाहिली, वाऱ्याने ती शेजारच्या अंगणात नेऊन टाकली. भिंत बांधायचं मनात आलं, पण वरून बघणाऱ्याला भिंतीचं काय? भिंत बांधून बांधून किती उंच बांधणार?

मग तिला नर्सरीवाल्याने विलोचं, म्हणजे वाळुंजाच्या जातीचं झाड सांगितलं.

"बी नको, रोप नको," तो म्हणाला. "फांदी तोडायची आणि जमिनीत खुपसायची. तुम्हाला घाई आहे ना? मग बोटभर काडी नको, मनगटाएवढ्या जाड, लांब काठ्याच न्या. दोन वर्षांत गॅलरीच्या वर जातील. असा दाट पडदा होतो, की पलीकडचा माणूस खोकला तरच कळतं."

खालचं टोक तिरकं छाटायचं, वरचं सरळ, म्हणजे काठी उलटी लागत नाही. सालीवर पांढरे फोड उठेपर्यंत पाण्याच्या पिंपात ठेवायची. मग पहारेने खोल भोक पाडून आत सोडायची आणि माती ठेचून घट्ट करायची, एवढंच.

"आणि एकच पथ्य," तो म्हणाला. "मूळ धरेपर्यंत हलवायचं नाही. नवी मुळं म्हणजे नुसता कापूस. काठी हलली की तुटली."

"पथ्यं मला नका सांगू," सिस्टर म्हणाली. "जन्मभर मीच लोकांना सांगत आलेय."

घरी आल्यावर तिने सरांच्या तोंडाशी चहाचा कप धरला आणि आनंदाने सांगितलं, "आता कुणाची टाप नाही तुमच्याकडे बघायची. झाडं लावतेय मी, गॅलरीच्या वर जाणारी. बरं झालं ना?"

सरांनी "अं, अं" केलं आणि डाव्या हाताने कप ढकलला. चहा सगळा चादरीवर सांडला.

"गरम होता का?" ती म्हणाली, आणि दुसरा निववून आणला.

कुंपणालगत तिने काठ्या लावल्या, वॉर्डातल्या खाटांसारख्या एका रांगेत. तिच्या खांद्याएवढ्या उंच होत्या. पहार चालवून तिच्या तळहाताला फोड आले. ते फोडसुद्धा तिने पंपवाल्याच्या खात्यावर टाकले. मग एके सकाळी काठ्यांच्या सालीतून हिरवी टोकं बाहेर आली, आणि बघता बघता पानं लवलवायला लागली. सिस्टरने कमरेवर हात ठेवून गॅलरीकडे पाहिलं. बघा काय बघायचंय ते, थोडेच दिवस राहिलेत तुमचे!

आणि मग मधल्या चार काठ्यांची पानं माना टाकायला लागली.

इकडची रांग तरारलेली, तिकडची तरारलेली. वाळल्या त्या नेमक्या चारच, गॅलरीच्या बरोबर समोरच्या. याला काय योगायोग म्हणायचं? सिस्टर कुंपणापाशी जाऊन जी गरजली ती पलीकडची खिडकी उघडेपर्यंत. खिडकीत तिची जाऊ, पंपवाल्याची बायको, ओल्या हातांनी उभी.

"फरशीचं पाणी टाकतेस ना गं वरून? फिनेलचं? खरं सांग!"

"अहो ताई, मी कशाला टाकू? आमचं पाणी पुढच्या मोरीला जातं."

"आमच्या झाडांना काय डोळे फुटलेत आपोआप मरायला?"

रागाच्या भरात ती काय बोलली ते तिचं तिलाही कळलं नाही. जाऊ मात्र हसली नाही. खाली मान घालून तिने खिडकी हळूच ओढून घेतली. ते सिस्टरला जास्तच झोंबलं.

तिने त्या चार काठ्या काढून नव्या लावल्या. माती दुप्पट ठेचली. नव्यांनाही पानं फुटली आणि नव्यांनीही माना टाकल्या. आता मात्र तिने त्यातली एक उपटून ओट्यावर आडवी घातली, चष्मा लावला आणि तपासली. विष घातलेल्या झाडाची मुळं काळी पडली असती, कुजली असती. इथे तसं काही नव्हतं. पांढरीशुभ्र, कोवळी मुळं बुडापासून तुटलेली. आणि जमिनीतलं भोक हलणाऱ्या दाताच्या हिरडीसारखं भोवतीने सैल झालेलं.

म्हणजे पाणी नव्हे, हात! कुणीतरी येऊन काठ्या धरून हलवत होतं. तिने ती काठी परत रोवली आणि चारही काठ्यांची माती पुन्हा ठेचली.

पहाटेपासून ती खिडकीत दबा धरून बसली, तेव्हा कुणी आलं नाही. संध्याकाळी राखण केली, तेव्हाही नाही. पण सकाळी घट्ट असलेली काठी दुपारी सैल मिळायची. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती आत चादरी बदलत असते तेव्हा! म्हणजे सर तिथेच बसलेले असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत! हा माणूस बोलू शकत नाही, ओरडू शकत नाही, उठून एक थोबाडीत देऊ शकत नाही, हे माहीत असलेला कुणीतरी कुंपणातून हात घालतो आणि त्याच्यासमोर त्याचीच झाडं हलवून जातो. असं कुणी कुत्र्याशी तरी वागेल का? तिला रडू फुटलं ते रागाने.

"भाऊजीच हलवतात ना?" तिने सरांना विचारलं. "नुसती मान हलवा."

सरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तिला उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना नेहमीसारखं परसात बसवलं. ब्रेक लावला. "हलायचं नाही हं, मी आलेच." आत जाऊन रिकामं वॉशिंग मशीन सुरू केलं, म्हणजे पलीकडे वाटावं बाई कामात आहे. मग पुढच्या दाराने बाहेर पडली, दाराला कुलूप घातलं, किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळला आणि गल्लीला वळसा घालून थेट पंपवाल्याचं दार ठोठावलं. ठोठावलं कसलं, बडवलं. आज ती त्याला रंगेहाथ पकडणार होती. पकडून गल्लीभर वाजतगाजत फिरवायचं, हेही ठरलं होतं.

जावेने दार उघडलं.

"कुठाय तो?"

एवढ्या वर्षांत दिराला तिने एकेरीत कधी हाक मारली नव्हती. जावेचा चेहरा उतरला. "वर आहेत. पण ताई, तुम्ही आत्ता वर जाऊ नका."

आता असं म्हटल्यावर सिस्टर खाली थांबते काय? ती जिना चढली. मागून जाऊ पळतच आली. आणि गॅलरीच्या दारात सिस्टर थबकली.

पंपवाला पाठमोरा उभा होता. बनियन, लुंगी, पण हातात कप नव्हता. हात मांड्यांना चिकटलेले, टाचा जुळलेल्या, ते भलंमोठं पोट होईल तेवढं आत ओढलेलं. पन्नाशी उलटलेला तो माणूस शाळकरी पोरासारखा सावधानमध्ये उभा होता.

तिने त्याच्या खांद्यावरून खाली पाहिलं.

खुर्ची रिकामी होती. सर उभे होते. डाव्या हाताने त्यांनी एक काठी धरली होती, उजवी बगल दुसरीवर टेकवली होती, आणि त्यांच्या वजनाने दोन्ही काठ्या मातीत डुलत होत्या. लुळा हात लोंबत होता. पण मान वर होती. छाती पुढे होती. त्यांची नजर वर, भावावर होती, आणि वाकडे ओठ काहीतरी म्हणत होते. आवाज इथपर्यंत येत नव्हता. मग पंपवाला हळू पण खणखणीत म्हणाला, "साव-धान!" आणि सरांनी बगल काठीवरून काढली.

सिस्टरच्या घशातून किंकाळी निघणार, तेवढ्यात जावेने तिचं मनगट घट्ट धरलं.

"ओरडू नका ताई," ती कुजबुजली. "दचकतील. पडतील."

"कधीपासून?" सिस्टरने दबक्या आवाजात विचारलं.

"तुम्ही उन्हाला बसवायला लागलात, त्यानंतर थोड्याच दिवसांनी. आधी कुंपणाची तार धरायचे, हात सोलवटला. मग तुम्ही काठ्या लावल्यात."

तो सोलवटलेला हात सिस्टरने स्वतः धुऊन मलम लावला होता. तिला वाटलं होतं, खुर्चीच्या चाकात आला असेल. रागाचा एक नवाच लोंढा तिच्या अंगात उसळला, आणि या वेळी तो गॅलरीवर नव्हता. घास भरवते मी. रात्रीअपरात्री कूस बदलते मी. गू-मूत काढते मी. आणि ज्याने पाडलं त्याला उभं राहून दाखवतात? मला नाही?

हे ती मनात म्हणाली असं तिला वाटलं. पण ती बोलली होती, कारण जाऊ उत्तरली.

"तुम्ही उभं राहू देता का, ताई?"

त्या आवाजाने पंपवाला वळला. वहिनीला बघून त्याचं पोट सुटलं, खांदे पडले.

"वहिनी, मी... दादाने खूण केली होती, तुम्हाला सांगू नको म्हणून. धड चालता आलं की मग..."

"अक्कल आहे का तुम्हाला?" सिस्टर कडाडली. "काठ्या आहेत त्या! मूळ नाही धरलेलं त्यांनी! पडले तर वरून काय करणार होतात? टाळ्या वाजवणार होतात? बघत काय उभं राहता रोज, खाली का आला नाहीत?"

"दारातून तुम्हीच घालवलंत मला. दोनदा."

तिचा आवाज आणखी चढला.

"घालवलं! मग? आता मीच सांगतेय ना, जा म्हणून!" तिने मुठीतला जुडगा त्याच्या छातीवर फेकला. "मोठी किल्ली पुढच्या दाराची. पळा! उजव्या बाजूने धरा, डाव्या नव्हे. आणि शर्ट घाला अंगात. दुकानातला लोखंडी पाईप घेऊन या संध्याकाळी, सिमेंटमध्ये बसवून द्या तिथे. पुन्हा माझ्या काठ्यांना हात लावलात दोघांनी, तर बघा!"

तो जिन्यावरून धडाधडा उतरला. शर्टाबिर्टाचं त्याला भान नव्हतं.

सिस्टरलाही खाली जायचं होतं, पण सरांवरची नजर काढायचा तिला धीर होईना. तिने गॅलरीचा कठडा धरला. खाली सर एका हाताने काठी धरून उभे होते. रांगेतल्या बाकीच्या काठ्या पानांनी डवरल्या होत्या, आणि मधोमध त्या चार मेलेल्या. गॅलरीत भावाच्या जागी ती उभी आहे हे सरांना दिसलं. त्यांचा चेहरा पडला. चोरी पकडल्यासारखे ते खुर्चीकडे बघायला लागले.

मग त्यांनी पुन्हा मान वर केली. तिच्याकडे रोखून पाहिलं. आणि एकेक बोट करत डावा हातही काठीवरून उचलला.

"धरा!" सिस्टर वरून ओरडली. "अहो, धरा म्हणते ना! ऐकू येत नाही का?"

ऐकू सगळं येत होतं. सरांनी धरलं नाही.