धक्के खाणारा डावा फोर्क

मी एक जुना फोर्क आहे. दचकू नका मित्रांनो, जेवणाच्या टेबलावरचा नव्हे. क्रूझर मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला दोन बाजूंनी धरून ठेवणाऱ्या ज्या दोन जाड नळ्या असतात, त्यांतला मी डावा. उजवा माझा जुळा भाऊ. पोटात स्प्रिंग, स्प्रिंगभोवती तेल, आणि काम एकच: मार खाणे.

माझा जन्मच ठोकाठोकीत झाला. कारखान्यात मला तापवलं, ओढलं, घासलं, आणि शेवटी एका यंत्राने शुद्ध हरपेपर्यंत दाबून पाहिलं. मी ओरडलो नाही, म्हणून पास झालो. रस्त्यावरही तेच. खड्डा आधी माझ्यावर आदळायचा. मी तो गिळायचो आणि वर बसलेले दाजी म्हणायचे, "काय गाडी आहे! लोण्यासारखी चालते." कौतुक गाडीचं.

दाजी म्हणजे माझे मालक. गॅरेजच्या मिस्त्रीची थोरली बहीण त्यांना दिलेली, म्हणून सगळं गॅरेज त्यांना दाजी म्हणायचं. दाजींना दोन छंद होते: गाडी पुसणे आणि बायकोला मारणे. पहिल्यासाठी ते मऊ फडकं वापरत.

ताई मागच्या सीटवर बसायची. "फार सोशिक हो आमची सून," सासू शेजारणींना सांगायची, "तोंडातून शब्द नाही." मला वाटायचं, वा, ही आपलीच कुणीतरी. फरक इतकाच, की तिच्या पोटात तेल नव्हतं.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "मी जरा भावाकडे राहून येते." दाजींनी गाडी वळवली आणि गोदामाच्या भिंतीवर सरळ सोडली, तिला घाबरवायला. ब्रेक मारायचा होताच, जरा उशिरा मारला. भिंतीने समजूतदारपणा दाखवला नाही. आम्ही दोघे भाऊ मागे वाकलो, चाक इंजिनला भिडलं, ताई उडून खडीवर पडली आणि तिचा हात खांद्यातून निखळला. दाजी धावले ते मडगार्ड बघायला.

गॅरेजात मिस्त्रीने गाडीच्या पोटाखाली जॅक लावला, चाक काढलं, पकडीचे बोल्ट सैल केले आणि आम्हाला खाली ओढलं. वाकलेला फोर्क सुखासुखी निघत नाही. मग हातोडा. प्रत्येक घावाबरोबर मिस्त्री दाजींबद्दल काहीतरी बोलत होता. ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही. माझा भाऊ निघता निघता फुटला आणि काळं तेल ओकून गप्प झाला. मला बाकावर टाकलं.

नवे, चकचकीत फोर्क चढले. मिस्त्रीने त्यांचे बोल्ट नुसते बोटांनी फिरवले आणि पाना खिशात घातला. हे बोल्ट आवळले नाहीत, तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात पुढचं चाक आणि हँडल यांचं नातं तुटतं. मिस्त्रीला हे ठाऊक होतं. त्याने शांतपणे फोन लावला. "दाजी, गाडी तयार आहे."

दाजी एकटे येतील असा त्याचा अंदाज होता. ते ताईला दवाखान्यातून परस्पर घेऊन आले. तिचा हात झोळीत.

"काय मेव्हणे, जमलं का? की नुसतीच खुडबुड?" दाजींनी किल्ली घेतली. "चल गं, बस मागे."

ताईने पाय उचलला.

"ताई, बसू नकोस!"

"का रे?"

"बोल्ट आवळलेले नाहीत."

"विसरलास?"

मिस्त्री खाली बघत राहिला. ताईला कळलं, दाजींनाही कळलं. त्यांनी मेव्हण्याची मान धरली आणि त्याचं डोकं बाकावर आपटलं. पुन्हा आपटलं. रक्त माझ्यावर उडालं. तिसऱ्यांदा डोकं वर गेलं, तेव्हा ताईने धड हाताने मला उचललं.

मी वजनदार आहे, मित्रांनो. वाकडा असल्यामुळे मूठही छान बसते. दाजींच्या कोपराचं हाड मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला. उभा जन्म मी धक्के घेतले. दिला तो हा एकच. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

दाजी जमिनीवर बसून आईला हाका मारू लागले. ताई मला हातात धरूनच भावाला म्हणाली, "बोल्ट आवळ."

"ह्याच्यासाठी?"

"तुझ्यासाठी, गाढवा. हा मेला तर तू आत जाशील. मग मी राहू कुणाकडे?"

मिस्त्रीने डोळ्यांवरचं रक्त पुसत एकेक बोल्ट आवळला. ताईने मला बाकावर ठेवलं आणि खाली पडलेली किल्ली उचलून दाजींच्या खिशात टाकली. "गाडी तयार आहे. हात बरा झाला की घेऊन जा. मी येणार नाही."

आता ती गॅरेजवरच्या खोलीत राहते आणि मी तिच्या दारामागे उभा असतो. परवा सासू समजूत घालायला आली होती. "अगं, ठोकून-ठाकून सगळं सरळ होतं." ताईने तिला चहा दिला आणि जिना दाखवला.

तर मित्रांनो, आमची काळजी घ्या. तेल वेळेवर बदला, धूळ पुसा. आणि वाकलेला फोर्क ठोकून सरळ करून पुन्हा त्याच गाडीला लावा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तो दिसतो सरळ. पुढच्या दणक्याला तुटतो.