पाव्हण्यांनी धरलं

श्रीगोंद्याच्या बन्सीअण्णांचा जावई कल्याण हा सुप्याच्या एका कंपनीत सुपरवायझर होता, पण सासरी त्याचा थाट कलेक्टरचा. त्यात अधिक महिना आला. या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ओवाळायचं, अंगठी घालायची. कल्याण म्हणाला, "अंगठी नको मामा. त्यापेक्षा सगळे कोकणात जाऊ, बोटीतून देवमासा बघू." जावयानं सोनं नाकारलं म्हणून गल्लीभर कौतुक झालं.

बोटीतही मान त्याचाच. अण्णांनी त्याला सगळ्यांत पुढची, कडेची जागा दिली. सासू छबूबाई मधल्या फळीवर पदर खोचून बसली. कल्याणला पोहता येत नव्हतं. पण जावयानं हे सांगायचं कुणाला? किनारा मागं पडला तशी त्यानं एका हातानं बोटीची कड घट्ट धरली. तरी पठ्ठ्या मोबाईलवर बघून देवमाशाची माहिती मोठ्यानं सांगतच होता.

बऱ्याच वेळानं नावाड्यानं इंजिन बंद केलं. "कोणी उठायचं नाही," त्यानं बजावलं. तेवढ्यात कल्याणच्याच बाजूला पाणी फुगलं, फवारा उडाला आणि एक काळी पाठ वर आली. ती वर येतच राहिली, संपेचना. उठू नका म्हटल्यावर छबूबाई सोडून सगळं कुटुंब उठलंच. बोट कलली.

कल्याणच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं मागं झेप घेतली, सासूचा हात धरून तिला फळीवरून ओढून काढलं आणि तिच्या जागी फळीला मिठी मारून बसला. छबूबाई इंजिनाच्या पेटीवर आदळली. तिचं मनगट मोडलं. बाकीच्यांचे डोळे पाण्याकडं होते. ते वळले तोवर देवमासा बुडाला होता आणि छबूबाई खाली विव्हळत होती.

"काय झालं गं?" अण्णा ओरडले.

तिनं जावयाकडं पाहिलं.

"पान्यात पडत हुते," ती म्हणाली. "पाव्हण्यांनी धरलं."

कल्याणनं तेव्हाच बोलायला हवं होतं. तो बोलला नाही. रेश्मानं, त्याच्या बायकोनं, भरल्या डोळ्यांनी त्याचा दंड धरला, तरीही नाही. त्याला स्वतःची किळस आली आणि तिच्या जोडीला हायसंही वाटलं. त्याची त्याला जास्त लाज वाटली.

श्रीगोंद्याला पोचेपर्यंत गोष्टीला पाय फुटले. धोंड्याच्या दिवशी गल्लीतल्या बाया जावयाला बघायला आल्या, तेव्हा त्यानं समुद्रात उडी मारलेली होती. "असा जावई मिळायला नशीब लागतं," एकजण म्हणाली. कल्याणला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

त्याला पाटावर बसवलं. प्लॅस्टरमधला हात छातीशी धरून छबूबाई पुढं आली. ताट रेश्मानं धरलं होतं. छबूबाईनं डाव्या हातानं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. कुंकू जरा वाकडं लागलं, तशी ती ओशाळली. म्हणाली, "ह्या हातानं सवय न्हाई, पाव्हणं. रागावू नगा."

तिनं त्याची माफी मागितली! कल्याणला राहवेना. आता बोलायचंच. अण्णांसमोर, रेश्मासमोर, या बायांसमोर.

"मामी, त्या दिवशी बोटीत मीच तुम्हाला—"

छबूबाईनं चटकन धोंडा त्याच्या तोंडात कोंबला. बाया हसल्या. "सासूला लई घाई हाय बाई!"

ती वाकली. ओठ त्याच्या कानाशी आणून एवढंच म्हणाली, "माझी लेक नांदतीया तुमच्या घरात. आयुष्यभर तिला तुमच्याच आधारानं ऱ्हायचंय. तिला न्हाई कळलं पायजे. गप खावा."

रेश्मा ताट धरून कौतुकानं नवऱ्याकडं बघत होती. कल्याणनं मान खाली घातली आणि तो चावू लागला.