रेशनवरची बोटं

मास्तरांच्या घरात घड्याळं किती, हे मास्तरांनीही कधी मोजलं नव्हतं. जन्मभर शाळेत भूमिती शिकवली, पोरांच्या चुका दुरुस्त केल्या आणि निवृत्त झाल्यावर हा माणूस बंद पडलेली घड्याळं दुरुस्त करायला बसला. फुकटात. त्यामुळे गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. लोक आजोबांचं घड्याळ आणून टेकवत आणि न्यायला विसरत. भिंतीवर, कपाटावर, माळ्याच्या शिडीवरसुद्धा घड्याळं. तास भरला की सगळी मिळून असा काही कालवा करत की खालच्या मजल्यावरचे लोक म्हणत, "बायकोला ऐकू येत नाही म्हणून मास्तरांचा संसार टिकला. नाहीतर पहिल्याच महिन्यात घड्याळांसकट रस्त्यावर आले असते." मास्तर हे बायकोला हातांनी सांगायचे. ती पोट धरून हसायची.

ती जन्माची बहिरी. तिला बोलती केली तिच्या ताईनं. जवळपास तसली शाळा नव्हती, शिकवणारं कुणी नव्हतं. दोघी बहिणींनी लहानपणी जिन्याखाली बसून हातांची एक भाषा घरच्या घरी रचली. अक्षरं पुढे आली, तीही ताईनंच गिरवून घेतली. लग्नाची बोलणी झाली तेव्हा ताईनं मास्तरांना समोर बसवलं आणि बजावलं, "आमची भाषा शिकणार असाल तर पुढचं बोलू. चिठ्ठ्या लिहून संसार करायचा असेल तर आत्ताच उठा. चिठ्ठ्या काय, दुकानदारही लिहितात तिला."

मास्तर उठले नाहीत. शिकले. आधी बोबडे, मग सफाईनं, आणि मग तर भांडायलाही लागले. हातांच्या भाषेत अहो-जाहो नसतं. बोट रोखलं की झालं. मुलगा मात्र शिकला तो जेमतेम, भूक, पैसे आणि येतो एवढंच. तेवढ्या भांडवलावर तो परगावी नोकरीला गेला. म्हणजे ती भाषा बोलणारी माणसं जगात तीनच. ताई, ती आणि मास्तर.

आणि मास्तरांची बोटं सुजायला लागली.

सुरुवातीला सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही. मग पेरांवर गाठी आल्या. पुढे चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेचे फोटो बघितले, पेरं दाबली, मास्तर खुर्चीतून उडाले. "झिजलेत सांधे. पूर्ववत होणार नाहीत, पण सांभाळता येतील. सकाळी कोमट पाण्यात हात. हत्यारांच्या मुठी जाड करून घ्या. सलग काम नको, मध्ये मध्ये थांबा." मग हसून म्हणाल्या, "तुमची बोटं आता रेशनवर आहेत असं समजा. रोज ठरलेलंच मिळणार, जपून वापरा."

मास्तरांनी ते शब्दशः घेतलं. भूमितीचा माणूस. स्क्रू ड्रायव्हरला सायकलच्या मुठीचं रबर चढवलं, चिमट्याला स्पंज गुंडाळला. सकाळी टबात हात बुडवून बसले की बोटं हळूहळू सैल व्हायची, आणि दोनेक तास पुरायची. त्यानंतर हट्टी म्हशीसारखी बसकण मारायची. त्या दोन तासांत एक चाक बसवायचं, एक स्क्रू पिळायचा. उरलेला दिवस हात मांडीवर.

पण बायको बोलायची ती उरलेल्या दिवसातच. भाजी चिरून झाली की, कपडे वाळत घातले की, दुपारी आडवं होण्याआधी. आज कोण भेटलं, जिन्यात काय पाहिलं, मुलगा फोनवर किती वाळलेला दिसला. मास्तर मान डोलवायचे. हो. नाही. बघू. खांदे उडवायचे. मानेला सांधेदुखी नव्हती.

असं किती महिने चाललं देव जाणे. चोरी होती ती, सरळ चोरी. बायकोच्या वाटची बोटं काढून मास्तर घड्याळांना घालत होते, आणि वर स्वतःची समजूत काढत होते की कुठं बिघडलं, ती सांगते, मी ऐकतोय. एवढा एक छंद गेला तर माणसानं करायचं काय दिवसभर? भिंतीकडे बघत बसायचं?

अशात मुलगा सुट्टीला आला आणि त्यानं शोध लावला. "बाबा, हात दुखतात तर फोनमध्ये बोला ना. तो आपोआप लिहितो. आईला नुसतं दाखवायचं." मास्तर फोनमध्ये बोलले, "आज आमटीत मीठ कमी आहे." अक्षरं उमटली. बायकोनं वाचलं आणि मुलाकडे बघून हसली. मुलाला वाटलं, आवडलं.

तो गेल्यावर फोन मास्तरांच्या खिशातच राहिला. लाइटवाला येणार आहे. मी झोपतो. खिडकी लाव. किती सोपं झालं! बोटं शाबूत, निरोप पोचता. बायको वाचायची, मान हलवायची. मग कधीतरी तीही फोन हातात घेऊन एका बोटानं उत्तर लिहायला लागली. "बरं." "चालेल." मास्तरांना त्यात वावगं काही दिसलं नाही. तिच्या जिन्यातल्या गोष्टी बंद झाल्या, तेव्हा मास्तरांना वाटलं, वय झालं, पूर्वीसारखा उत्साह कुठून आणायचा.

त्या दिवशी मास्तर खुशीत होते. आठवडाभर हुलकावणी देणारी एका टेबलावरच्या घड्याळाची मुख्य स्प्रिंग सकाळी एकदाची बसली होती. बोटं पार संपली होती, पण स्प्रिंग बसली होती. तेवढ्यात ताईंच्या मुलाचा फोन आला. ताई गेल्या. झोपेतच. सकाळी उठवायला गेले तेव्हा कळलं.

बायको आतल्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. मास्तर तिच्यासमोर उभे राहिले. ताईची खूण म्हणजे दोन्ही तर्जन्या आकड्यासारख्या वाकवून एकीत एक अडकवायच्या. मास्तरांनी हात वर केले. बोटं वाकेनात. गरम पाणी करून हात बुडवता आले असते. अर्धा तास थांबता आलं असतं. अवघ्या अर्ध्या तासाचा प्रश्न! पण फोन हातात होता. मास्तर त्यात बोलले आणि तिच्यापुढे धरला.

ताई गेल्या आज सकाळी झोपेतच.

तिनं वाचलं. हात पदराला पुसले, फोन घेतला, पुन्हा वाचलं, बिल तपासावं तसं. मग लिहिलं, "कळलं." फोन परत दिला आणि उरलेली चादर घडी घालून कपाटात ठेवली.

ती रडली नाही. अंत्यसंस्काराला नेलं, तिथंही नाही. सगळे आपापसात बोलत होते आणि ती मधोमध उभी होती. परत आल्यावर ती कामाला लागली. मास्तर समोर गेले की डोळे मिटून घ्यायची. बहिऱ्या माणसानं डोळे मिटले की दार लागलं. बाहेरून कितीही ठोठावा. जेवण वाढायची ते खाली बघून. तिनं रडावं म्हणून मास्तर देव पाण्यात घालून बसले होते. भांडावं, ताट आपटावं, काहीही करावं.

चार दिवस कळ काढली. मग एका दुपारी मास्तर स्टुलावर चढले आणि भिंतीवरच्या घड्याळांचे लंबक एकेक करून धरून थांबवत सुटले. घर पार गप्प झालं. तिला ते ऐकू येणार नव्हतं, पण रोज हलणारी भिंत अचानक थिजलेली तिला दिसली. ती दारात उभी राहिली.

"का?" तिचा हात हलला. कित्येक दिवसांनी.

"बोटं पुरत नाहीत," मास्तरांनी हातांनी सांगितलं. वाकडंतिकडं, पण सांगितलं. "दोन्हीला पुरत नाहीत."

"कशाकशाला?"

मास्तरांनी भिंतीकडे बोट केलं. मग तिच्याकडे.

"मला वाटलं, माझ्याशी बोलायचा कंटाळा आलाय तुला. वाटलं, इतकी वर्षं झाली, विटला असेल. म्हणून मीही गप्प बसले." तिचे हात थांबले आणि पुन्हा उठले. "आणि तू माझी बोटं यांना देत होतास?"

मास्तरांनी मान हलवली.

"त्या दिवशीही?"

पुन्हा मान.

"मान नको! हातानं सांग."

"त्या दिवशीही. सकाळी स्प्रिंग बसवली होती."

ती पुढे आली. मास्तरांना वाटलं, आता थोबाडीत बसणार, आणि बसली तर बरंच होईल. पण तिनं त्यांना स्टुलावरून उतरवलं, खुर्चीत बसवलं आणि समोर बसली.

"आता सांग."

"काय?"

"ताईचं. मला अजून कुणी सांगितलेलंच नाही."

मास्तरांनी हात उचलले. उजवी तर्जनी वाकेना, डाव्या हातानं दाबून वाकवली. कळ कोपरापर्यंत गेली, डोळ्यांत पाणी आलं. आकडा अडकला, सुटला, पुन्हा अडकवला. ताई. बायको मदतीला आली नाही. एकेक खूण पुरी होईपर्यंत थांबली, आणि खुणा एकामागून एक आल्या. गेली. सकाळी. झोपेत.

"दुखलं तिला?"

"नाही."

"खरं सांग."

"खरं."

मग ती रडली. तिला स्वतःलाच ऐकू न येणाऱ्या आवाजात, मोठमोठ्यानं, आणि रडतारडता विचारत राहिली. कुणी पाहिलं आधी? पांघरूण होतं अंगावर? आदल्या दिवशी कुणाशी बोलली? अंत्यसंस्काराला सगळे काय बोलत होते? मास्तर सांगत गेले. अंगठा गेला, मग मधलं बोट गेलं, मग मनगटानं, कोपरानं सांगत गेले. मूठ अर्धवट मिटली ती उघडेना.

तिनं डोळे पुसले आणि आणखी एक विचारलं, "माझी आठवण काढली होती का तिनं?"

मास्तरांना उत्तर ठाऊक होतं. काढली होती, भाच्यानंच सांगितलं होतं, बरंच काही सांगितलं होतं. ते नुसती मान डोलवून सांगण्यासारखं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात तिच्यापुढे धरले. एकही बोट हलत नव्हतं. ती हातांकडे बघत थांबली.