न वाजलेला भोंगा

"मॅडम, आत्ता नका ना काढू मला! दम लागला नाहीये, पाय दुखत नाहीयेत, काही काही झालेलं नाहीये!"

लंबू मैदानाच्या कडेला येऊन ओरडत होती. बास्केटबॉलचा अंतिम सामना, शेवटची साडेचार मिनिटं, आमचं कॉलेज दोन गुणांनी पुढे. आणि आमच्या प्रशिक्षक बाईंनी तिची बदली खेळाडू माझ्या टेबलाशेजारच्या खुर्चीवर आणून बसवली होती.

"चार मिनिटं झाली तुझी," बाई म्हणाल्या. "बस खाली. पाणी पी."

बॉल रेषेबाहेर गेला. मी भोंगा दाबला. बाहेर येणारीनं आत जाणारीच्या हातावर टाळी द्यायची, ही आमच्या मुलींची पद्धत. लंबूनं ती कशीबशी दिली आणि मीच तिच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखी माझ्याकडे बघत बाकावर गेली.

माझं काम तेवढंच. एरवी मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुतो, लेबलं चिकटवतो. सामना असला की टेबलावर बसून गुण लिहितो आणि भोंगा सांभाळतो. बदली खेळाडू खुर्चीवर येऊन बसली की खेळ थांबायची वाट बघायची आणि बॉल बाहेर गेला की बटण दाबायचं. पंचानं बॉल पुन्हा खेळाडूच्या हातात दिला की संधी गेली. मग खेळ परत थांबेपर्यंत बसा बोंबलत. सत्तावीस वर्षं हे केलं. हा माझा शेवटचा सामना, महिनाअखेरीला मी निवृत्त होणार.

बाईंचा चार मिनिटांचा नियम अख्ख्या स्पर्धेला पाठ आहे. मुली पाठीमागे त्यांना 'घड्याळबाई' म्हणतात. कितीही गुणाची खेळाडू असो, सलग चार मिनिटांच्या वर बाई कोणाला मैदानात ठेवत नाहीत. समोरचा प्रशिक्षक काही दूधखुळा नव्हता. लंबू आत असली की त्याच्या मुली रमतगमत खेळायच्या, आणि ती बाकावर बसली की वारं प्यायल्यासारख्या धावत सुटायच्या. आताही तेच झालं. त्यांच्या मागे पळता पळता आमच्या पोरींच्या नाकी नऊ आले. लंबू परत आत गेली तेव्हा चाळीस सेकंद उरले होते आणि आम्ही सहा गुणांनी मागे होतो. तिनं एकटीनं तीन भरून काढले. तीन राहिलेच.

"विद्यापीठाच्या संघाची निवड होती आज," डोक्यावर टॉवेल घेऊन ती रडत म्हणाली. "निवड समितीनं मला बाकावरच बघितलं, मॅडम."

बाई बाकाखालच्या पाण्याच्या बाटल्या गोळा करायला लागल्या. त्यांचा तो नियम कुठून आला, हे त्या हॉलमध्ये त्यांच्याशिवाय फक्त मला माहीत होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी बाई नव्या होत्या आणि वेगाच्या वेड्या होत्या. त्यांच्या संघात भिंगरी होती. भिंगरीच ती, एका जागी कधी दिसायचीच नाही. दमलं की मूठ वर करायची, असं बाईंनी मुलींना शिकवलं होतं. एका संध्याकाळच्या सामन्यात भिंगरीनं मूठ वर केली. बाईंनी लगेच बदली मुलगी टेबलाकडे पिटाळली, ती माझ्या शेजारी येऊन बसली. बॉल बाहेर गेला. माझा अंगठा बटणावर होता.

मी दाबला नाही.

भिंगरीनं नुकतेच लागोपाठ तीन बॉल हिसकावून घेतले होते. सगळा हॉल उभा राहिला होता. असा खेळ मी जन्मात पाहिला नव्हता. म्हटलं, एवढी एकच चाल बघू. पंचानं बॉल दिला आणि पुढची दोन मिनिटं खेळ कुठे थांबलाच नाही. मग ती मधल्या वर्तुळात गुडघ्यांवर बसली, ती पुन्हा उठली नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदयात जन्मापासून दोष होता. बाई म्हणाल्या, "मला मूठ उशिरा दिसली. मी उशिरा पाठवलं." खुर्चीवरच्या मुलीलाही वाटलं, आपणच उशिरा पोचलो. लोकांनी त्यांची समजूत घातली. मीही घातली, तोंड वर करून. तेव्हापासून बाई कोणाच्या मुठीची वाट बघत नाहीत. आणि माझ्या घरी दारावरची बेल वाजली तरी मी आधी अंगठ्याकडे बघतो. बायको म्हणते, "दार उघडा आधी, अंगठा काय दाखवताय?"

हॉल रिकामा झाला. बाई खुर्च्या एकात एक रचत होत्या. लंबूचा टॉवेल बाकावरच राहिला होता. आज नाही बोललो तर हे माझ्याबरोबर घरी येणार, आणि बाई पुढच्या वर्षी आणखी एका लंबूला रडवणार, हे मला दिसत होतं.

"बाई, जरा बसता?"

त्या बदली खेळाडूच्याच खुर्चीवर बसल्या.

"तुम्ही उशिरा पाठवलं नव्हतं. भिंगरीच्या वेळी. ती पोरगी वेळेवर आली होती, बॉल बाहेर गेला होता. मी भोंगा दाबला नाही."

"विसरलात?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही," मी म्हणालो. "मला तिचा खेळ बघायचा होता."

बाईंनी मैदानाकडे तोंड फिरवलं. मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकली की नाही, कोण जाणे.

"एकोणीस वर्षं मी पोरींना घड्याळ लावून रडवतेय हो," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. मग त्यांनी विचारलं, "भोंग्याची वायर काढली का?"

"नाही अजून."

"मग दाबा आता."

मी दाबला. रिकाम्या हॉलमध्ये तो केवढ्यानं तरी वाजला. बाई खुर्चीवरून उठल्या, रेषेपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि बाहेर येणारीची टाळी घ्यायला त्यांनी हात पुढे केला. तो हात खाली येईपर्यंत मी अंगठा उचलला नाही.